तूप नाकारले, डालडा वाढला!

1936 च्या एप्रिल महिन्याच्या सुमारास जयपूर संस्थानातील चकवारा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या बांधवांना जेवण दिले. पंगतीत तूप होते. तेवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली, पाहुण्यांना बडवून काढले. तूप हे उच्च दर्जाचे लक्षण, म्हणून ऐपत असली तरी अस्पृश्याने ते खाता कामा नये, हा त्यांचा न्याय! परमपूज्य बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही घटना नोंदवून ठेवली आहे. ताटात काय वाढायचे हेसुद्धा या देशात जात ठरवत होती.

पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, 'डालडा' बाजारात आला. तुपासारखा घट्ट, तुपासारखा दाणेदार आणि किमतीला स्वस्त. पुढे कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. हा आपल्याविरुद्ध रचलेला कट होता, असे आम्ही म्हणत नाही. मध्यमवर्गानेही तो आवडीने खाल्ला. परंतु ज्याच्या हाती पैसा आला तो रिफाइंड तेलाकडे आणि साजूक तुपाकडे वळला. पूर्वी जातीने नाकारलेले तूप आता किमतीने नाकारले, आणि त्या जागी नक्कल आली. ही नक्कल नेमकी काय आहे, हे आपल्या समाजाने समजून घेतले पाहिजे.

शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल नावाचे एक स्निग्धाम्ल भरपूर असते. कार्बनचे 18 अणू, हायड्रोजनचे 34 आणि ऑक्सिजनचे 2. कार्बनच्या साखळीत मधोमध एकच दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकलेली असते. ती वाकडी असल्यामुळे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. कारखान्यात निकेल धातूच्या साहाय्याने तापलेल्या तेलात हायड्रोजन वायू सोडतात. ही क्रिया अर्धवट ठेवली की काही रेणूंची वाकलेली साखळी सरळ होते. अणू तेच, संख्या तीच, फक्त मांडणी बदलली. या नव्या रूपाला इलायडिक आम्ल म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटमधला हा एक प्रमुख घटक. ओलेइक आम्ल सुमारे 13 अंशांवर वितळते, तर इलायडिक सुमारे 45 अंशांवर. म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेलाही ते न वितळणारे! गाई-म्हशींच्या दुधात ते अगदी अल्प असते. त्याची धास्ती नको. प्रश्न आहे तो कारखान्यातल्या मालाचा.

शरीरात हे आम्ल काय करते? 1990 मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटन या संशोधकांनी दाखवून दिले की ट्रान्स फॅटमुळे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटते. दोन्हीकडून हानी. जगात दरवर्षी सुमारे 5 लाख माणसे ट्रान्स फॅटमुळे होणाऱ्या हृदयविकाराने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2018 मधील अंदाज होता. 2 हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला 2.2 ग्रॅमपेक्षा कमी, एवढीच मर्यादा ही संघटना सांगते.

आता कायद्याकडे पाहू. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा 1954 मध्ये आला. त्याच्या नियमांत वनस्पतीमध्ये किमान 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती होती. कशासाठी? तिळाचे तेल असले की प्रयोगशाळेतील साध्या चाचणीत लाल रंग येतो आणि साजूक तुपात केलेली भेसळ उघडकीस येते. म्हणजे तूप खाणाऱ्याची फसवणूक होऊ नये याची काळजी कायद्याने घेतली. वनस्पती खाणाऱ्याच्या काळजाची कोणी घेतली?

डेन्मार्कने 2003 मध्ये स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा घातली. 2009 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने आपल्याकडील वनस्पतीचे नमुने तपासले, तेव्हा ट्रान्स फॅट या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघाले. बारा पट म्हणजे 24 टक्के. असल्या वनस्पतीच्या अवघ्या 10 ग्रॅममध्ये दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. आपल्या सरकारने आधी 10 टक्के, मग 5, 2021 मध्ये 3 आणि अखेर 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के अशी मर्यादा आणली. डेन्मार्कपेक्षा 19 वर्षे उशिरा! या 19 वर्षांचा हिशेब कोण देणार?

मर्यादा आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु कायदा कागदावर असणे वेगळे आणि ताटात असणे वेगळे, हे आपल्याला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने पुरेपूर शिकवले आहे. पाकीटबंद बिस्किटावर निदान छापील लेबल तरी असते. नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर चहाबरोबर जी सुटी खारी आणि टोस्ट खातो, त्यावर कोणते लेबल? बेकरीत डब्यातून काय ओतले गेले, हे त्याला कोण सांगणार? म्हणून तपासणीची खरी गरज तिथेच आहे.

बाबासाहेबांच्या संविधानातील अनुच्छेद 47 ने लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानले आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चे कलम 40 तर थेट ग्राहकाच्या हाती अधिकार देते. विकत घेतलेला पदार्थ तपासून घेण्याचा आपला इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा, शुल्क भरावे आणि अन्न विश्लेषकाकडून अहवाल घ्यावा. माल नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळते. हा अधिकार आपल्यापैकी किती जणांनी वापरला?

प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे टाकावा. गेल्या वर्षभरात वनस्पतीचे आणि बेकरी मालाचे किती नमुने घेतले, त्यांपैकी किती ट्रान्स फॅटसाठी तपासले आणि किती जणांवर कारवाई झाली, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. उत्तर आले नाही तर अपील करावे. त्याचबरोबर भीमजयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो बांधवांना भोजन देणाऱ्या मंडळांनी वनस्पतीचा डबा आपल्या भटारखान्यात येऊ देऊ नये. साध्या तेलातली भाजी आणि भाकरी वाढावी. त्यात काही कमीपणा नाही.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. चाळिशीत छातीत कळ येऊन कर्ता माणूस गेला की 'नशिबात होते' म्हणणारा समाज बुद्धाचा नव्हे. चकवाऱ्याच्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या त्या चांगल्या अन्नाच्या हक्कासाठी. तो हक्क आज कायद्यात लिहिलेला आहे. तो बजावून घेणे आपले काम आहे.