बाप्तिस्म्यानंतरचा हिशेब

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हुकुमाने सोजीर घराघरांत शिरत होते, संशयितांना उचलून छावण्यांत नेत होते. त्या दिवसांत पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला लिहिले आणि प्लेगच्या रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची कशी परवड होते ते नावानिशी छापायला दिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि लिहिणारी बाई चौदा वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेली. पुण्याच्या प्रतिष्ठित समाजाने त्याआधी चारच वर्षे तिच्याकडे पाठ फिरवली होती, आणि ती भांडत होती त्याच समाजातल्या बायांसाठी.

ख्रिस्ती होण्याची किंमत म्हटली की आपल्याकडे बोलणे बाप्तिस्म्याच्या दिवसापाशी थांबते. जात गेली, घर तुटले, गावाने वाळीत टाकले. विरोधक तिथेच मोजणी करतात आणि मिशनांचे अहवालही तिथेच करत आले: यंदा इतके आत आले. रमाबाईंचे आयुष्य मात्र सांगते की खर्चाला खरी सुरुवात त्यानंतर होते, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच मंडळीसमोर ताठ उभे राहण्यात जातो.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेलेले, नवरा कॉलऱ्याने दगावलेला, परका देश, आणि आसरा जोगिणींच्या मठाचा. अशा बाईने गप्प राहून उपकार मानावेत, ही अपेक्षा सहज होती. रमाबाई गप्प राहिल्या नाहीत. त्र्यैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, तसे त्यांनी लिहून कळवले. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वाद झाला तो गळ्यातल्या क्रुसावरूनही. त्यावरची अक्षरे लॅटिन होती. आपल्या देशबांधवांना न कळणारी भाषा आपण का मिरवायची, अक्षरे घालायचीच तर संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल होता. ताटातले मांस त्यांनी नाकारले, त्याचाही अर्थ अहंकार असाच लावला गेला. त्या तरुण पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हा सारा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो वाचताना सारखे जाणवते की रमाबाई श्रद्धेपासून दूर जात नव्हत्या. श्रद्धा जिवाभावाची होती म्हणूनच त्या उसने काही अंगावर घ्यायला तयार नव्हत्या.

पुढे १८८९मध्ये मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन हे विधवा-मुलींच्या शिक्षणाचे घर सुरू झाले आणि लवकरच पुण्याला आले. तिथे धर्म शिकवायचा नाही, हा नियम होता. मिशनरी रुष्ट झाले, की ही आपल्या प्रभूला लपवते. दुसरीकडे, मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

याच सुमाराची एक गोष्ट रमाबाईंनी आपल्या १९०७च्या साक्षीत सांगितली आहे, आणि ती कुठल्याही धर्माच्या माणसाने वाचावी. बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. इतके सोसलेल्या बाईने हे स्वतःबद्दल म्हणावे! त्यानंतरच्या रमाबाई म्हणजे केडगावला आश्रम चालवणाऱ्या रमाबाई. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उपाशी, आजारी मुली त्यांनी उचलून आणल्या. त्यांना शिकवले, छापखान्यात खिळे जुळवायला बसवले. उतारवयात स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवले. ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच कामात त्या होत्या. कर्तीसवरती मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

किंमत नेहमी ज्याची त्यानेच मोजली असेही नाही, आणि हे कबूल न करता शिष्यत्वाचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला, लक्ष्मीबाईंना, विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाईंनी पुढची चार-पाच वर्षे लहान मूल पदरात घेऊन काय भोगले, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी काही काळ चूल वेगळी ठेवली, आणि सोवळेओवळे सोडले ते स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मोजलेली मोठी किंमत त्यानंतरची: १९१७मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांना त्यात जागा होती. गोऱ्या मिशनऱ्यांच्या छत्राखालून बाहेर पडणे साठीकडे झुकलेल्या माणसाला सोपे नव्हते. दोनच वर्षांनी ते वारले.

आज टिळकांची भजने मराठी उपासनेत गायली जातात, रमाबाईंची तसबीर भिंतीवर असते. त्याच मंडळीत लग्न जुळवताना मूळ जात हळूच विचारली जाते. फलकांवर नोकरी, व्हिसा, आजारमुक्ती यांची आश्वासने असतात. येशूने मात्र बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला तो आधी बसून खर्च मांडायला सांगण्यासाठी, आणि ऐकणाऱ्या गर्दीला उद्देशून दिला. गर्दी टिकवणे हा त्याचा हेतू दिसत नाही.

एक किंमत मात्र शिष्यत्वाच्या नावावर खपवू नये. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शीख आणि बौद्धांसाठी तो आदेश १९५६ आणि १९९०मध्ये दुरुस्त झाला, ख्रिस्त्यांसाठी नाही. अस्पृश्यतेचा जाच धर्म बदलून संपला असता तर गोष्ट वेगळी. तो चर्चच्या आतही संपलेला नाही. कागदावर एक आणि प्रार्थनेला दुसरे, असे जगणाऱ्या गरीब कुटुंबांना वरवरचे ख्रिस्ती म्हणण्याचा अधिकार शहरातल्या सुस्थित मंडळीला नाही. त्या मंडळीच्या विश्वासाला कधी एक रुपयाही पडलेला नाही.

दृढीकरणाच्या वर्गात मुलांकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घेतात. पाळकांनी त्याच वर्गात रमाबाईंचे क्रुसाबद्दलचे म्हणणे वाचून दाखवावे, ‘स्मृतिचित्रे’तली ताटातुटीची प्रकरणे वाचून दाखवावीत आणि मग मुलांना विचारावे, आपल्या मंडळीतले काय तुम्हाला पटत नाही. उत्तरे अडचणीची येतील. ती ऐकून घेऊन पंचांच्या बैठकीत मांडण्याची तयारी पाळकांनी ठेवावी.