पावडरीचा डबा आणि ग्रामसभेचा ठराव

औंध संस्थान नकाशावर कधीच सलग नव्हतं. खुद्द औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात, गुणदाळ पार विजापुराकडे. पण १९३९ च्या जानेवारीत याच तुकड्यातुकड्यांच्या राज्याने गांधीजींच्या सल्ल्याने घटना केली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. म्हणून पुढचे मुद्दे डॉक्टरांसाठी लिहिलेले नाहीत. ते या भागातल्या ग्रामसभांसाठी आहेत. विषय घरोघरचा आहे: साखर, सुटलेलं पोट, थायरॉइड, मुलींची लांबणारी पाळी, आणि या सगळ्यावर उतारा म्हणून दारात येणारे डबे.

१. आरोग्य इथे दरबारचा विषय होता.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. त्याआधी सुमारे दहा वर्षं ते युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध बलभीम आणि तितकाच पक्का दुकानदार. व्यायामाची साधनं, पुस्तकं, टपालाने शिकवणी असं सगळं तो विके. पुढे तर स्वतःच्या नावाचा शक्तिवर्धक कोकोही त्याने बाजारात आणला. आजच्या ‘फिटनेस’ धंद्याचा हा आजोबाच. बाळासाहेबांनी त्याची साधनं मन लावून वापरली. मग १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि सँडो सुटला तो सुटलाच.

नवल पुढचं आहे. राजा स्वतः नमस्कार घालून थांबला नाही, त्याने संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. राणीसाहेब, राजपुत्र, शिक्षक, कुणालाच सूट नव्हती. १९२८ मध्ये त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिलं, १९३६ मध्ये तो लंडनला गेला तेव्हा तिथल्या एका पत्रकार बाईंनी ही पद्धत वर्तमानपत्रातून गाजवली आणि १९३८ मध्ये तिकडे पुस्तक निघालं. पंडित सातवळेकरही तेव्हा औंधातच स्वाध्याय मंडळ चालवत होते, आसनांवर आणि नमस्कारांवर लिहीत होते. दोन पावलं जागेत होणारा व्यायाम सगळ्या रयतेपर्यंत गेला आणि त्यात कुणाला दमडीचं कमिशन मिळालं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

२. त्या राजाची आरती मात्र नको.

नमस्कारांनी काय काय बरं होतं याची त्याची यादी आज वाचली तर कुठलाही डॉक्टर हात जोडेल. सक्तीचं समर्थनही करता येणार नाही. शिवाय व्यायाम ताटातली उणीव भरून काढत नाही. स्नायू आकसतात तेव्हा ते रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनची तेवढी वाट पाहत नाहीत. इथपर्यंत नमस्कार खरोखर औषध आहे. पण स्नायू बांधायलाच प्रथिनं नसतील तर बारा नमस्कार काय आणि तीनशे काय.

३. आपलं शरीर काट्यावर फसवतं.

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून थोडा सविस्तर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पिढीभर पाठपुरावा केला. त्या बायका आपल्यासारख्याच: शेतात राबणाऱ्या, सडपातळ, सरासरी वजन चाळीसच्या थोडंसं वर. त्यांची बाळं जन्मली तेव्हा सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी. मात्र कमी पडला होता तो स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत होती. म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून मेदाचं असं हे बाळ. असं मूल मोठं होऊन शहरात गेलं, किंवा गावातच बसून खायला लागलं, की ज्या वजनाला युरोपियन माणसाला काही होत नाही त्या वजनाला याला मधुमेह गाठतो. डॉ. याज्ञिकांनी स्वतःवर आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यावर हे दाखवून दिलं होतं: दोघांची उंची-वजनाची पट्टी जवळपास सारखी, पण याज्ञिकांच्या अंगात चरबीचं प्रमाण दुपटीहून जास्त.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातले सगळे लठ्ठ आहेत असं समजू नका. म्हणून वजनकाट्याआधी टेप आणावी, शिंप्याची चालेल. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा आपल्याकडचा वैद्यकीय दंडक आहे. एवढं मोजायला कुठल्या ‘कोच’ची गरज नाही.

४. आता डब्याबद्दल.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी, आणि आता लहान गावांतही, सकाळी शेक पाजणारी केंद्रं निघाली आहेत. आधी एका यंत्रावर उभं करतात. ते यंत्र पोटातली चरबी आणि ‘शरीराचं वय’ सांगतं. पस्तिशीच्या बाईला ‘तुमचं शरीर बावन्नचं आहे’ म्हटलं की ती घाबरते, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक उधारीवरही डबा घेतं. मग तिलाच चार मैत्रिणी आणायला सांगतात. मैत्रिणी आणल्या की सवलत मिळते. त्या केंद्रांवर बायकांना एक गोष्ट मात्र खरोखर मिळते, ती म्हणजे सकाळचा स्वतःचा एक तास, चार जणींची संगत आणि कुणीतरी आपल्या तब्येतीची चौकशी करणं. हे त्यांना घरात मिळत नाही, आरोग्य केंद्राच्या रांगेत तर नाहीच. त्यामुळे त्यांची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. आक्षेप दाव्यांना आहे.

१९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातीला सरळ मनाई करतो. कायदा सत्तर वर्षांचा, आणि जाहिरात मात्र आज सकाळी तुमच्या मोबाइलवर आली असेल. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांत लेबलावर लिहिलेलं प्रथिन आणि आतलं प्रथिन जुळत नव्हतं. काहींत बुरशीचं विषही निघालं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशी पूरकं टाळा असं स्पष्ट लिहिलं. ग्रामसभेने कुणाचं दुकान बंद करू नये, तो तिचा अधिकारही नव्हे. पण ‘साखरेच्या गोळ्या सुटतील’ असा फलक गावात लागला असेल तर त्याचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार पाठवणं तिच्या हातात आहे.

५. हॉर्मोन म्हटलं की दचकू नये.

इन्शुलिन काय, थायरॉइडचा स्राव काय, ही शरीराचे निरोप पोचवणारी रसायनं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून इन्शुलिन हा शब्द मराठी घरात आला, आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवा असं सांगून तो चव्हाट्यावर आणला. दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर आणि ते, यांच्यात २०१८ च्या आसपास महाराष्ट्र चक्क दोन तटांत विभागला गेला. दीक्षितांचं एक मानलं पाहिजे: त्यांचा उपाय फुकट आहे. पण साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. बाकी हा वाद बसून काम करणाऱ्यांचा. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला किती वेळा जेवायचं हे मुकादम सांगतो.

६. रेशनची पिशवी उघडून पाहा.

हा मुलूख बाजरीचा, ज्वारीचा, हुलग्या-मटकीचा. शंभर ग्रॅम हुलग्यात वीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. हे कडधान्य दुष्काळात बैलांना आणि माणसांना दोघांनाही जगवत आलं आहे, म्हणून त्याला गरिबाचं मानलं गेलं, आणि म्हणूनच पैसा आल्यावर ते ताटातून आधी गेलं. अन्नसुरक्षा कायद्याखाली दरडोई पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. त्यात असतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीपर्यंत पोचलं हे पिढ्यांचं स्वप्न होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण पाण्यामागून ऊस येतो, डाळिंब येतं, आणि बाजरीचं रान आखडतं. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. मागणी साधी आहे: खटाव, माण, आटपाडीच्या रेशन दुकानांत वर्षातून काही महिने स्थानिक खरेदीची ज्वारी-बाजरी हवी.

बाजरीचीही पूजा करू नये. ती भरपूर आणि एकटीच खाल्ली तर तिच्यातली काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. सुदानमध्ये बाजरीवर जगणाऱ्या भागात गलगंड का वाढतो याचा शोध घेताना हे पुढे आलं. यावर उतारा प्रत्येक घरात आहे: आयोडीनचं मीठ. जगातलं बहुधा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत यशस्वी पूरक तेच, पण त्याला डबा नाही, कोच नाही. आणि नेमकं तेच सोडून ‘नैसर्गिक’ म्हणून गुलाबी सैंधवावर गेलेली घरं मला आता गावातही दिसतात. त्या मिठात पुरेसं आयोडीन नसतं. बाळंतपणाच्या वयातल्या बायकांनी तरी हा प्रयोग करू नये.

७. दूध डेअरीला, चहा घराला.

दोन्ही वेळचं दूध संकलन केंद्रावर जातं, कारण महिन्याचा रोख पैसा तेवढाच. चीज करताना दुधाचं जे पाणी उरतं त्याची पावडर ‘व्हे प्रोटीन’ म्हणून दोन-तीन हजारांच्या डब्यातून जिमला जाणाऱ्या पोराकडे परत येते. ही कुणाची लबाडी नाही, बाजाराची चाल आहे. पण घरातल्या वाढत्या मुलांसाठी रोज अर्धा लिटर बाजूला काढणं या डब्यापेक्षा स्वस्त पडतं, हा हिशेब बचत गटाच्या बैठकीत एकदा मांडून पाहावा.

शाळेत मुलांना मिळते ती मुख्यतः तांदळाची खिचडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने आठवड्यातून एक अंडं, नको असेल त्यांना केळं, असं सुरू केलं. २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा राज्याचा वेगळा पैसा थांबला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं सांगण्यात आलं. औंधच्या यमाईच्या जत्रेला वर्गणी देणारं गाव हेही करू शकतं, पण करावं का? सरकारने स्वतःची जबाबदारी आपल्यावर ढकलली म्हणून ती मुकाट घ्यायची नाही. अंडी सुरू ठेवायची आणि निधी परत मागायचा, दोन्ही. ज्यांना अंडं वर्ज्य आहे त्यांना वाटीभर दूध द्यावं. केळ्यात प्रथिन नाममात्र.

८. निळी गोळी अपुरी आहे.

शाळेतल्या मुलींना आणि मुलांना आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देतात. लोह हवंच. पण केईएमच्या त्याच अभ्यासात दोन-तृतीयांशाच्या आसपास गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फॉलेट (फॉलिक आम्लाचंच कुळ) जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला न जुमानण्याची लक्षणं सगळ्यांत जास्त दिसली. म्हणजे एकच जीवनसत्त्व भरपूर ओतून दुसरं विसरणं पुढच्या पिढीला महाग पडू शकतं. या गटाने त्याच गावांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना दिवसाला २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातली पातळी सुधारली. एवढी लहान मात्रा निळ्या गोळीबरोबर द्यावी, ही मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे ठरावासह जायला हवी. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्या मधुमेहींचंही बी-१२ घटतं. हातापायांना मुंग्या येतात त्या दर वेळी साखरेच्याच नसतात.

९. पैसे आहेत.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी योजनेत मोफत आहे, आशाताई त्यासाठी घरोघर अर्ज भरतात. गावात किती जणांची तपासणी झाली आणि किती जण पुन्हा आलेच नाहीत, हा आकडा ग्रामसभेत, नावं न घेता, वाचला जावा. आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या तीन वर्षांत ते कशावर गेले, एवढंच ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. उत्तर लेखी मागा, आणि अंड्यांचा खर्च त्याच कागदाच्या पाठीवर मांडून पुढच्या सभेत घेऊन या.