गावात ग्रामसभेत बोलता येतं, शहरात का नाही? नगरपरिषदेची सभा चालते तरी कशी?

वाशिम तालुक्यातल्या एखाद्या गावात नळाला पाणी आलं नाही, तर मतदार ग्रामसभेत उभा राहून सरपंचांना थेट जाब विचारू शकतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. तोच माणूस मुलांच्या शाळेसाठी वाशिम शहरात राहायला आला, की हा हक्क गावातच राहतो. पाणीपट्टी किती, एकबुर्जी धरणाचं पाणी नेणारी जलवाहिनी आधी कोणत्या भागात, हे जिथे मंजूर होतं तिथे त्याला फक्त बसता येतं. बोलता येत नाही.

वाशिम, कारंजा, रिसोड आणि मंगरूळपीर या नगरपरिषदा आणि मालेगाव, मानोरा या नगरपंचायती, सगळ्यांचा कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमावर चालतो. त्यानुसार सभा लोकांसाठी खुली असते. पीठासीन अधिकारी लोकांना बाहेर जायला सांगू शकतात, पण त्याचं कारण इतिवृत्तात नोंदवावं लागतं. हे माहीत नसल्याने बहुतेक जण सभागृहाच्या दारापर्यंतही जात नाहीत.

खरा खेळ विषयपत्रिकेचा

सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. सोबत विषयपत्रिका असते. सभेत आधी मागचं इतिवृत्त कायम होतं, मग एकेक विषय पुकारला जातो. सूचक, अनुमोदक, चर्चा आणि ठराव. मतं समसमान पडली तर पीठासीन अधिकाऱ्यांचं जादा मत निर्णायक ठरतं. स्वीकृत सदस्य बोलू शकतात, पण त्यांना मताधिकार नाही. मुख्याधिकारी माहिती देतात, मत देत नाहीत. ठराविक संख्येने नगरसेवकांनी लेखी मागणी केली, तर अध्यक्षांना विशेष सभा बोलवावीच लागते. विरोधी बाकावरच्यांनी हे हत्यार लक्षात ठेवायला हवं.

प्रत्यक्षात बरंचसं आधीच ठरलेलं असतं. विषय वाचला, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला, पुढचा विषय. त्यामुळे सभेच्या दिवशी गर्दी करण्यापेक्षा आधीचे सात दिवस महत्त्वाचे. आपल्या प्रभागाचा विषय यादीत आहे की नाही, हे तेव्हाच कळतं आणि नगरसेवकाला गाठायलाही तोच वेळ असतो. सर्वांत घातक भाग शेवटी असतो : ‘आयत्या वेळचे विषय’. तातडीच्या कामासाठी ही सोय ठीक आहे. पण एखाद्या कामाचा ठेका या वाटेने आला, तर सात दिवसांच्या नोटिशीला अर्थच उरत नाही.

ठराव बेकायदा वाटला, तर दाद मागता येते. कलम 308 नुसार जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. मात्र तक्रारीला ठरावाची प्रत जोडलेली बरी. ती माहिती अधिकारात 10 रुपयांचं शुल्क भरून मागता येते, पण उत्तराला 30 दिवस लागू शकतात. तोवर रस्ता खोदूनही झालेला असतो.

चार वर्षं सभाच नव्हती

2021 च्या अखेरीपासून राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारं प्रशासन आणि मंजुरीही प्रशासनाचीच. प्रश्न विचारायला समोर कुणी नाही. नगरपरिषदांच्या निवडणुकांचं मतदान अखेर डिसेंबर 2025 मध्ये झालं. लोकनियुक्त सभागृह आलं म्हणून लोकांना आवाज मिळाला, असं मात्र नाही. राज्यघटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या सुमारे 78 हजार होती. म्हणजे मोठ्या शहराला समिती, खेड्याला ग्रामसभा आणि मधल्या शहरांच्या वाट्याला काहीच नाही. लहान शहरात नगरसेवक ओळखीचा असतो, हा त्यावरचा नेहमीचा युक्तिवाद. ओळख असलेल्याचं काम होतं, हे खरंच. तक्रार तर नेमकी तीच आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल. विषयपत्रिका ऑनलाइन टाकायला लागत नाही. घरपट्टीच्या वसुलीसाठी मोबाईलवर मेसेज येऊ शकतो, तर त्याच नंबरवर सभेच्या सात दिवस आधी विषयपत्रिकेची पीडीएफ आणि सभेनंतर इतिवृत्त का येऊ नये? हा प्रश्न नव्या सदस्यांनी स्वतःच ठराव म्हणून मांडायला हरकत नाही. फक्त तो आयत्या वेळच्या विषयांत नको.