न दिसणाऱ्या धुराचे काय?

जुन्या डिझेल गाडीचा पिकअप पडला, चढावर ती दम टाकू लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटला, की अनेक गॅरेजांत एक सल्ला हमखास मिळतो : ईजीआर बंद करून टाका. पाइपच्या जोडावर पत्र्याची चकती बसवायची, त्याने भागले नाही तर ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रॅमिंग बदलून दिवा कायमचा विझवायचा. गाडी मोकळी पळते, धूर कमी दिसतो आणि पीयूसीही मिळते. मालकाला यात गैर काही वाटत नाही, कारण गैर असल्याची एकही खूण त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. हा सल्ला चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. पण तो इतका बिनधास्त चालतो, याचा मोठा दोष आपल्या तपासणीच्या पद्धतीकडे जातो.

ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा काही भाग पुन्हा हवेबरोबर सिलिंडरमध्ये सोडते. बऱ्याच गाड्यांत तो आधी कूलरमधून थंड केला जातो. या वायूत प्राणवायू कमी असल्याने ज्वलनाचे कमाल तापमान खाली येते. सारे काही या तापमानावर अवलंबून आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कशाच्या अध्यातमध्यात नसतो, पण सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला सूज आणतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढवतो. हेच ऑक्साइड पुढे उन्हात ओझोन तयार व्हायला हातभार लावतात आणि अमोनियाशी मिळून पीएम २.५ या सूक्ष्म कणांतही भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. भारतात निवासी भागासाठी ती अजून ४० आहे.

आता पीयूसी केंद्रावर काय होते ते पाहा. डिझेल गाडी जागेवर उभी करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो आणि धूर किती दाट आहे एवढेच यंत्र मोजते. बीएस ४ गाडीसाठी ही मर्यादा ५० टक्के, त्याआधीच्या गाड्यांसाठी ६५ टक्के. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मोजणी या चाचणीत नाहीच. आणि खरी मेख पुढेच आहे. ज्वलनात प्राणवायू कमी झाला की काजळी वाढते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड घटतात; ईजीआर बंद केली की हे गणित उलटते. म्हणजे पत्रा बसवलेली गाडी काळा धूर कमी सोडते आणि विषारी वायू जास्त. आपली चाचणी फक्त धूर पाहत असल्याने यंत्रणा निकामी केलेली गाडी उलट अधिक सहज पास होते.

मालकांची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. इंजिनाने स्वतःचीच घाण पुन्हा का खावी, हा मेकॅनिकचा प्रश्न अनुभवातून आलेला आहे. एक्झॉस्टमधली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, व्हॉल्व्ह अडकतो, कूलर गळतो. पण हा थर झपाट्याने वाढतो तो थकलेले इंजेक्टर, तेल सोडणारा टर्बो, तुंबलेला एअर फिल्टर आणि थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्यांमुळे. आजार तिथला असतो, लक्षण ईजीआरवर दिसते. पिकअप वाढल्याचा अनुभवही खरा असतो, मात्र त्याचे श्रेय चुकीच्या ठिकाणी जाते. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर धडधाकट व्हॉल्व्ह सहसा बंदच राहतो. गाडी ओढत नव्हती, कारण व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. तो काढून साफ केला किंवा बदलला, तरी तोच पिकअप परत येतो.

दुसरा आक्षेप असा की रस्त्यावर हजारो ट्रक असताना माझ्या एका गाडीने काय होणार? गाडीचा वायू उंच धुराड्यातून जात नाही. तो रस्त्याच्या पातळीवर, सिग्नलला उभ्या दुचाकीस्वाराच्या आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलाच्या श्वासात जातो. शिवाय फोक्सवॅगनचे प्रकरण आठवावे. २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की चाचणीच्या वेळी प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर कंपनीने डिझेल गाड्यांत बसवले होते. रस्त्यावर त्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजनचे ऑक्साइड सोडत होत्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने इथल्या गाड्या तपासल्यानंतर भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. कारखान्यात केलेली जी गोष्ट आपण फसवणूक मानतो, ती गॅरेजमध्ये केल्याने वेगळी ठरत नाही.

कायदा नाही असेही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड आहे. मात्र शोधायचे कसे हेच ठरलेले नसेल तर दंड कागदावरच राहतो. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी धुरातले कण अडवणारा फिल्टर काढलेल्या डिझेल गाड्या धुराच्या जुन्या चाचणीत सापडत नाहीत हे ओळखून २०२२-२३ मध्ये सूक्ष्म कण मोजणारी चाचणी सुरू केली. आपल्याकडे निदान व्यावसायिक वाहनांच्या फिटनेस तपासणीत ईजीआरचा पाइप आणि व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहणे, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर जोडणे आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजणे सुरू व्हायला हवे. बदललेले प्रोग्रॅमिंग स्कॅनरला चकवू शकते. म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. टेम्पोवर पोट असलेल्या माणसाला नव्या व्हॉल्व्हचा खर्च जड जातो, हे मला मान्य आहे. त्याच्यासाठी दंडाआधी दुरुस्तीची मुदत आणि परवडणाऱ्या सुट्या भागांची सोय सरकारने करावी. आणि ज्यांनी आपल्या गाडीत पत्रा बसवून घेतला आहे, त्यांनी सरकारची वाट न पाहता पुढच्या सर्व्हिसिंगला तो काढावा, व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा आणि इंजेक्टर तपासायला सांगावेत.