बियाण्याची थैली आणि गाडीचा टायर



मृग लागला की आम्ही कृषी खात्याची माणसे गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरतो. बियाण्याची थैली घेताना लेबल वाचा. प्रमाणित बियाणे असेल तर निळा टॅग पाहा, लॉट नंबर पाहा, धानाची उगवणशक्ती किमान ८० टक्के लिहिली आहे काय ते पाहा, चाचणीची तारीख आणि मुदत पाहा. हे सांगण्यात माझी सारी नोकरी गेली. आणि हाच मी एकदा मोटारसायकलच्या टायरवर छापलेली तारीख न वाचता पैसे मोजून मोकळा झालो. त्याचा भुर्दंड मात्र घरच्या माणसाला पडला. म्हणून या वेळी धानाऐवजी टायरवर लिहितो आहे.

रोवणीचे दिवस होते. सौ.च्या माहेरी रोवणी निघाली होती आणि आम्ही दोघे भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याने निघालो होतो. पाऊस बारीक, गाडीचा वेग चाळीसच्या आसपास. पहेला मागे टाकून अड्याळकडे जाताना मागचा टायर बाजूने फाटला, ट्यूब फुटली आणि गाडी आडवी झाली. मी खरचटण्यावर सुटलो. सौ.च्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर! रोवणीला बाया मिळत नाहीत म्हणून जी बाई मदतीला निघाली होती, तिलाच बसवून जेवू घालायची पाळी तिच्या भावजयीवर आली. बांधीच्या धुऱ्यावर बसून ती मला एवढेच म्हणाली, "अहो, टायर तर नवाच होता ना?"

टायर नवाच होता. बसवून तीन महिनेही झाले नव्हते. पंक्चरवाल्याने तो चाकावरून उतरवला, बाजूच्या बारीक भेगांवर बोट फिरवले आणि मला चार आकडे दाखवले. "साहेब, तुम्ही आता घातला, पण हा सहा वर्षांपूर्वीचा आहे." दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला टायर होता तो. जरा स्वस्त मिळाला म्हणून मी खूश झालो होतो. दुकानदाराला बोल लावून काय उपयोग? तारीख टायरवर छापलेलीच होती.

ते चार आकडे असे वाचायचे. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत ते असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जून महिना. एका बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटून पाहावा. रबर हे बियाण्यासारखेच आहे. ठेवल्या जागी त्याचा जोम जातो, आणि ऊन लागले तर लवकर जातो. मी आता वर्षाच्या आतलाच टायर घेतो आणि वापरात पाच-सहा वर्षे झाली की खाचा शिल्लक असल्या तरी बदलतो. तारखेबरोबर आयएसआयची खूणही पाहावी. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक १५६२७. ही खूण नसलेला टायर कोणी कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नये.

आता मापाचे. येथे पुष्कळ मंडळी फसतात. ८०/१००-१८ असे लिहिले असेल तर टायरची रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के, म्हणजे तीही ८०, आणि रिम अठरा इंची. जुन्या पद्धतीत २.७५-१८ असे इंचात लिहीत. मापापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते, जसे ४७ पी किंवा ५४ पी. अक्षर वेगाचे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर त्याची चिंता नको. आकडा मात्र वजनाचा आहे आणि तोच आपल्या कामाचा. ४७ म्हणजे तो टायर १७५ किलो भार पेलतो, ५४ म्हणजे २१२ किलो.

गावात दिसणाऱ्या शंभर सीसीच्या काही गाड्यांना पुढे आणि मागे एकाच मापाचा टायर असतो. पण पुढचा ४७ आणि मागचा ५४. "माप सारखे आहे, हाच घाला" म्हणून कोणी पुढचा टायर मागे बसवून दिला तर काय होईल ते गणिताने पाहू. रिकामी गाडी एकशे दहा-पंधरा किलोची, त्यातले साठेक किलो मागच्या चाकावर. चालवणारा साठ किलोचा, त्याचे चाळीस मागे. मागे बसलेली घरधनीण पंचावन्न किलोची, तिचे जवळजवळ सारे, पन्नास धरा. शिवाय कॅरिअरवर युरियाची एक थैली, ४५ किलो, तीही पूर्ण मागे. झाले १९५ किलो. ४७ चा टायर वीस किलोने कमी पडला, आणि त्यात अजून खड्ड्याचा धक्का धरलेलाच नाही. खरे म्हणजे दोन माणसे आणि वर थैली हा भार गाडीला सोसवणाराच नव्हे. खत बंडीने किंवा ट्रॅक्टरने आणावे. पण रोवणीच्या घाईत कोण काय करतो ते मीही पाहतो, म्हणून हा हिशेब मांडला.

काही तरुण मंडळींना जाड टायरची हौस असते. मुद्दाम सांगतो, कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर घालू नका. आपल्या कन्हार जमिनीच्या पांदणीतून एकदा गाडी न्या, मग कळेल. तो काळा चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये चढतो. मुळात जागा कमी, त्यात टायर रुंद, की चाक जागच्या जागी जाम होते आणि काडीने चिखल उकरत बसावे लागते. चेनला घासतो तो वेगळाच. सिहार किंवा बरड जमिनीच्या गावात हा त्रास कमी, पण तिथेही माप बदलून काही पदरात पडत नाही.

खाचांचा उपयोग काय, हे धान पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. बांधीत साचलेले पाणी काढायला मुऱ्ही ठेवतो, तशी टायरखालचे पाणी बाहेर निघायला ही वाट असते. वाट बुजली की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबला तरी गाडी सरकते. टायरच्या बाजूवर एक बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरे असतात. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की त्याचे आयुष्य संपले. दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खाच हवी असा नियमही आहे. मी तर म्हणतो, मे महिन्यातच पाहा आणि उंचवट्याच्या जवळ आला असेल तर पावसाळ्यापूर्वी बदला. झिजही काहीतरी सांगते. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. हवा किती भरायची याचा कागद बहुधा चेनकव्हरच्या आसपास चिकटवलेला असतो. मागे माणूस बसणार असेल तर त्यातला दुसरा, मोठा आकडा धरावा. हवा टायर थंड असताना मोजावी.

मोठ्या ठोकळ्यांचा टायर चिखलात चांगला चालतो, पण डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो. ज्यांचे रोजचे येणे-जाणे साकोली-लाखनीच्या महामार्गाने आहे त्यांनी साधाच घ्यावा. पुढच्या चाकाला सरळ, लांब खाचांचा टायर असतो. त्याने गाडी वळणावर हाताच्या ताब्यात राहते. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरते त्या दिशेला आहे काय, हे बसवतानाच पाहावे.

ट्यूबलेस घ्यावा काय, असे पुष्कळ जण विचारतात. रिम त्यासाठीची असेल तर जरूर घ्यावा. बाभळीचा काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि माणूस घरी पोचतो. मात्र खड्ड्यात रिमची कड वाकली की हवा गळू लागते. नेहमीच्या तारांच्या चाकाला ट्यूबच लागते. तिथे नव्या टायरसोबत ट्यूबही नवी घालावी आणि आतली रिमपट्टी पाहून घ्यावी. जुनी, ताणलेली ट्यूब नव्या टायरात दुमडते आणि दुमडीवर कटते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नवा टायर थोडा निसरडा असतो. गाडी जपून वळवावी.

जाता जाता सांगतो. हवेचा टायर १८८८ साली ज्याने चालू केला तो डनलॉप कारखानदार नव्हता, ढोरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत म्हणून त्याने तो केला.

दुकानात जाताना चष्मा न्या, नाहीतर आठवी-नववीतल्या पोरीला सोबत न्या. अक्षरे इंग्रजी आणि काळ्यावर काळी असतात. आमच्या घरी आता हे काम सौ. करते. टायर हातात घेऊन ती आधी ते चार आकडे शोधते, मग भाव विचारते. बिलावर टायरचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, दोष निघाला तर तेच कामी येते.

आणि काढलेला टायर गोठ्यामागे फेकू नका. त्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. तो भंगारात द्या, नाहीतर माती भरून त्यात वाल लावा.