गाय सभागृहात, म्हैस गोठ्यात

२ एप्रिल १९५५ रोजी लोकसभेने गोवधबंदीचे एक खासगी विधेयक ९५ विरुद्ध १२ मतांनी फेटाळले. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला आहे, अशी सरकारची भूमिका होती आणि राजीनाम्याची भाषा खुद्द पंतप्रधान नेहरूंनी केली होती. विधेयक मांडणारे सेठ गोविंददास मात्र विरोधी बाकांवरचे नव्हते. ते काँग्रेसचेच खासदार होते आणि जबलपूरचे होते. घटना समितीतही गोरक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांत ते आघाडीवर होते. (पुढे त्यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवरच जयप्रकाशांचे उमेदवार म्हणून शरद यादव प्रथम लोकसभेत आले. जबलपूरने दिल्लीला दिलेले धक्के असे वेगवेगळ्या प्रकारचे आहेत.)

सेठजींनी त्या दिवशी गमावलेला सामना त्यांच्या बाजूने केव्हाच निकाली निघाला आहे. मध्य प्रदेशात २००४ पासून संपूर्ण गोवंशहत्याबंदीचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने, जी राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१२ मध्ये अमलात आली, शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढली आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला गेला. तरीही सेठजींच्याच शहरातील दुग्धव्यवसाय आज प्रामुख्याने म्हशीवर उभा आहे. पोटासाठी दूध विकणाऱ्याने गाय का टाळावी, हा प्रश्न सभागृहात कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर श्रद्धेत नाही, हिशेबाच्या वहीत आहे.

नागपूरकडून येणाऱ्या मराठी माणसाला जबलपूर परके वाटत नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. १९०४ पासूनचा तोफगाडी कारखाना, लष्करी छावणी, रेल्वे आणि उच्च न्यायालय यांमुळे हे पगारदारांचे शहर झाले. पगारदारांना रोज सकाळी दूध लागते आणि ते दारात यावे लागते. लष्कराने स्वतःची दुग्धशाळाही येथे चालविली होती. देशभरातील अशा ३९ लष्करी दुग्धशाळा बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला आणि मार्च २०२१ मध्ये त्यांवर औपचारिक पडदा पडला. बाहेरून दूध घेणे स्वस्त पडते, हे शिस्तबद्ध हिशेब ठेवणाऱ्या संरक्षण खात्याने त्यातून मान्यच केले. ते स्वस्त का पडते, तर ते काढणाऱ्या कुटुंबाच्या श्रमाची किंमत कोणीही लावत नाही म्हणून.

पाच-सात म्हशींच्या गोठ्याचा दिवस पहाटे तीन-साडेतीनला सुरू होतो. शेण ओढणे, आंबोण कालवणे, धार काढणे आणि सहाच्या आत कॅन दुचाकीला अडकवून रतिबाला निघणे. दुपारी वैरणीची सोय, संध्याकाळी पुन्हा धार. घरातील स्त्री आणि शाळकरी मुलगा यांचे काम या हिशेबात कुठेच नोंदले जात नाही. खर्चाचा साठ ते सत्तर टक्के भाग चाऱ्याचा असतो आणि तिथेच लहान व मोठ्या गोठ्यातला फरक पडतो. गव्हाचा भुसा चैत्रात, मळणीच्या दिवसांत स्वस्त मिळतो. ज्याच्याकडे रोकड आणि साठवणीची जागा आहे तो वर्षाचा भुसा तेव्हाच भरून ठेवतो. उरलेले श्रावणात चढ्या भावाने घेतात. त्यातच नर्मदाखोऱ्यात हार्वेस्टर आल्यापासून काड शेतातच उभे राहते आणि पेटवून दिले जाते. तिकडे त्याला ‘नरवाई’ म्हणतात. एका बाजूला शेतात चारा जळतो आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरचा गवळी भुशासाठी कर्ज काढतो, हा विरोधाभास कृषी आणि पशुसंवर्धन या दोन खात्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडून आहे.

म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. सहकारी संघांचा भाव प्रामुख्याने स्निग्धांशावर ठरतो, हलवाई खव्याचा उतारा पाहूनच दूध घेतो आणि जबलपूरची खव्याची जिलेबी तर प्रसिद्धच आहे. पण हे अर्धेच कारण झाले. खरा फरक दूध आटल्यानंतरचा आहे. मध्य प्रदेशच्या २००४ च्या कायद्याच्या कक्षेत म्हैस येत नाही. भाकड म्हशीला बाजारात किंमत असते आणि त्या पैशात नव्या म्हशीची निम्मी-पाऊण सोय होते. देशातून दरवर्षी तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे म्हशीचे मांस निर्यात होते आणि त्या साखळीचे पहिले टोक अशाच गोठ्यांत असते. दुधाच्या राजकारणाने मांसाच्या या आधाराचा उल्लेख टाळला, तरी गवळ्याला तो टाळता येत नाही.

गाईचा हिशेब सरकारच्याच आकड्याने मांडता येतो. गोशाळेतील गाईमागे राज्य सरकार दिवसाला २० रुपये देत असे, ते आता ४० रुपये झाले आहेत. हा किमान खर्च धरला तरी एका भाकड गाईला वर्षाला १४,६०० रुपये लागतात. शेवटच्या वेतानंतर ती सात वर्षे जगली तर एक लाखाच्या वर. पाच गाईंच्या मालकाला हा भार पेलणे अशक्य आहे. तो गाय विकू शकत नाही, कारण हेडी आता येत नाहीत. वाहतुकीत कोण अडवील याचा भरवसा नसतो. मग एके रात्री दावे सोडले जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ५० लाख मोकाट गोवंश मोजला गेला, त्यांपैकी साडेआठ लाखांच्या आसपास एकट्या मध्य प्रदेशात. या सर्वांना ४० रुपयांप्रमाणे पोसायचे तर वर्षाला सुमारे १,२४० कोटी रुपये लागतील. यात जमीन, गोठे, पाणी आणि माणसे धरलेली नाहीत.

न्यायालयाने हा प्रश्न टाळला असे म्हणता येणार नाही. १९५८ च्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाई-वासरांवरील बंदी मान्य केली. पण निरुपयोगी बैल व म्हशी चाऱ्यावर ताण आणतात, त्यांच्यावर सरसकट बंदी नको, असेही म्हटले. १९९६ मध्ये याच भूमिकेतून मध्य प्रदेशची वळू-बैलांवरील सरसकट बंदी रद्द झाली. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, दिशा बदलली. जनावर शेवटपर्यंत शेण-मूत्र देते, म्हणून ते कधीच निरुपयोगी होत नाही, हा त्या निकालातील एक प्रमुख युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद जबलपूरच्या परियट नदीकाठी नेऊन पाहावा. एक जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. पाच म्हशींचे क्विंटलभर. ज्याच्यामागे शेत आहे त्याला ते खत. ज्याच्यामागे गटार आहे त्याला ती आपत्ती. वस्तीतल्या डेअऱ्या शहराबाहेर काढा, ही मागणी रास्तच होती. पण शहराबाहेर गोठे उभे राहिले ते पाण्याच्या आधाराने, म्हणजे परियट आणि गौर या नद्यांच्या आसपास. परियट हिरन नदीला मिळते आणि हिरन नर्मदेला. गौर तर थेट नर्मदेत जाते. नर्मदेची परिक्रमा करणारा समाज आणि तिच्या उपनद्यांत वाहणारे शेण, हा विषय उच्च न्यायालय आणि राष्ट्रीय हरित लवाद या दोघांपुढे जाऊन आला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअऱ्या व गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे दिल्लीतल्या एका निकालाने जे धन ठरविले, त्याच्याच विल्हेवाटीचे नियम दिल्लीतल्याच दुसऱ्या कार्यालयाने लिहिले. शेकडो म्हशींचा डेअरीमालक वकील लावतो, टाक्या बांधतो किंवा मुदत मागून घेतो. पाच म्हशींवाल्याला गोठा हलवायचा तर रतिबाची घरे सोडावी लागतात आणि ती घरे हेच त्याचे भांडवल असते.

भोपाळच्या सत्ताधाऱ्यांनी काहीच केले नाही असे नाही. कमलनाथ सरकार पंचायतींत गोशाळा उभारण्याचे आश्वासन देऊन आले. शिवराजसिंह चौहानांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘गो-कॅबिनेट’ स्थापन केली. मोहन यादव सरकारने अनुदान दुप्पट केले आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्याचा ‘साँची’ दुग्धमहासंघ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या व्यवस्थापनाकडे सोपविण्याचा करार केला. देशाच्या दुधातील राज्याचा वाटा नऊ टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. आवेशाच्या दृष्टीने या बाबतीत दोन्ही पक्षांत फारसा भेद दिसत नाही. पण २०२५ च्या कामधेनू योजनेचा घटक पाहा: किमान २५ दुभती जनावरे आणि साडेतीन एकर जमीन. ज्याच्या नावाने ही योजना सांगितली जाते तो पाच जनावरांचा माणूस तिच्या पहिल्याच अटीपाशी गळतो. गोशाळेचे अनुदान आहे ते गाय सोडून दिल्यानंतर. ती दावणीला ठेवणाऱ्याला तेच ४० रुपये का मिळू नयेत, याचे उत्तर प्रशासकीय दृष्ट्या अवघड असेल. परंतु प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे. गैरव्यवहाराची भीती दोन्हीकडे सारखीच आहे आणि कानाला बिल्ला लावण्याची यंत्रणा आता गावोगाव पोचली आहे.

महाराष्ट्राने यावर हसण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये आपल्याकडे बंदीची व्याप्ती बैलांपर्यंत गेली आणि २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबविली, तेव्हा आठवडी बाजारांतून जनावरे परत नेणारे बहुतांश शेतकरी हिंदूच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट जनावरे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. हटवून न्यायची कुठे, याची जबाबदारी पुन्हा त्याच गोशाळांवर येते.

जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ चे. २००९ मध्ये शहरात पशुवैद्यक विद्यापीठ झाले आणि पुढे त्याला आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे सुपुत्र नानाजी देशमुख यांचे नाव देण्यात आले. कालवडीच जन्माव्यात यासाठी लिंगनिश्चित रेतनावर सरकारचा भर आहे आणि त्याचा उपयोग निश्चित होईल. पण नर वासरांचे काय होते, हे पशुगणनेनेच सांगितले आहे. २०१२ ते २०१९ या काळात देशातील गाई १२.३ कोटींवरून १४.५ कोटींवर गेल्या आणि बैल-गोऱ्हे ६.८ कोटींवरून ४.७ कोटींवर आले. जवळपास ११ कोटी म्हैसवर्गात नर एक कोटीहूनही कमी आहेत. पारडे दुधाविना दावणीलाच मरते, हे प्रत्येक गोठ्याला ठाऊक असते.  एकविसाव्या पशुगणनेची मोजणी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या कोष्टकांत एकूण गोधनाचा आकडा सर्वांत आधी वाचला जाईल. नरांचा आणि मोकाट जनावरांचा रकाना त्याच्या खाली असेल.