‘७३ टक्के प्रतिसाद’ म्हणजे ७३ टक्के बरे नव्हेत

कार-टी म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवरचा रामबाण, असा मेसेज मीरा-भाईंदरमधल्या तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला असेल. तो पुढे पाठवण्याआधी हे वाचा.

या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालतात, म्हणजे त्या कॅन्सरच्या पेशींवरचे ‘सीडी-१९’ हे प्रथिन ओळखू लागतात. मग त्या शिरेतून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात करोडोंत होणारा उपचार इथे लाखांत आला. याचा अभिमान मलाही आहे.

पण आकडे पूर्ण वाचा. चाचणीत ६४ रुग्ण होते, सगळे आजार उलटलेले किंवा आधीच्या औषधांना दाद न देणारे. परिणाम तपासता आलेल्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. प्रतिसाद म्हणजे आजार बराच कमी झाला किंवा तपासणीत दिसेनासा झाला. कायमचा गेला, असे नव्हे. ल्युकेमियाच्या निम्म्या रुग्णांत हा प्रतिसाद सुमारे ८ महिन्यांत ओसरला, लिम्फोमात सुमारे ४ महिन्यांत. दोघे उपचारांच्या दुष्परिणामांनी दगावले.

‘डॉक्टर, आशा तरी ठेवू द्या,’ असे कुणी म्हणेल. जरूर ठेवा. जिथे सगळे मार्ग संपले होते तिथे काही महिने मिळणे, काहींना त्याहून जास्त मिळणे, ही छोटी गोष्ट नाही. पण घर गहाण टाकायला निघालेल्या कुटुंबाला फक्त ७३ सांगून ८ आणि ४ लपवणे म्हणजे आशा देणे नव्हे. ती फसवणूक आहे. चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णांचाही तो अपमान आहे, कारण हे खरे आकडे त्यांच्यामुळेच आपल्याला मिळाले.

म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझ्या आजाराच्या प्रकारात प्रतिसाद किती काळ टिकतो? त्यानंतर बोनमॅरो प्रत्यारोपण लागेल का? दुष्परिणाम आले तर आयसीयू तयार आहे का? सगळे धरून खर्च किती?

उत्तरे मिळेपर्यंत पैशांची कुठलीही बोली करू नका.